नमुना क्रमांक सात

सव्वा मीटरवर कोळशाची राख,
दोनवर डांबर, वास अजून ओला.
संडरलँडला, जुन्या गोदीत,
मी नळीनं जमीन उपसते, डब्यांवर चिठ्ठ्या डकवते.
इथं दुकानं होतील, कचेऱ्या, दीडशे घरं;
क्रेन तेवढी ठेवणार, रंगवून.

कथबर्ट रोवेल कुंपणापाशी येतो रोज.
रिव्हेट ठोकण्यात कान गेले,
म्हणून मलाही बहिरी समजून ओरडतो:
"काय निघालं?"

आज रिव्हेटच निघाला. तीन मीटरवर.
डोकं एका अंगाला चेपलेलं.
नियमानं डब्यात जायचा;
मी त्याच्या तळहातावर ठेवला.

बोटानं चाचपून परत दिला.
"माझा नाही. असा तिरका बसूच दिला नसता."
पण गेला नाही, उभाच.

चिठ्ठीवर दोनच रकाने: दूषित, अदूषित.
पेन उघडून
मीही उभी.