तात्पुरती अपात्र

ईसीजीच्या कागदावर एक टेकडी उलटी पडली.
एवढंच.
मुगाच्या दाण्याएवढी असेल.
डॉक्टर म्हणाले, काही असेलच असं नाही,
आणि शिक्का मारला :
तात्पुरती अपात्र.

दुखत काहीच नव्हतं. अजूनही नाही.
धानोरीच्या गिरणीतून दहा किलोचं पीठ
मी एका हातात घेऊन तिसरा मजला चढते.
पगार तासांवर होता.
तास शून्य.

विम्याचा कागद सही करताना वाचला नव्हता,
आता पाठ आहे.
कायमची अपात्र झाले असते तर एक कोटी वीस लाख.
तात्पुरतीला, कलम नऊ ब, काही नाही.
एकदा रात्री दोनला तोंडातून निघून गेलं,
देवा, बरी तरी कर
नाहीतर नीट बिघडव.
सकाळी लाज वाटली.
हिशोबात मात्र ते वाक्य चुकत नव्हतं.

गाडी चाकणचा एकजण घेऊन गेला,
काचेवरच्या विमानतळाच्या स्टिकरसकट.
म्हणाला, राहू दे, भारी दिसतंय.

बाबांनी एफडी मोडली.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मिलिमीटरच्या दशांशावर भांडलेला माणूस,
बँकेतून आला आणि पासबुक
टीव्हीच्या मागे उभं करून ठेवलं,
जणू तिथंच त्याची जागा.
माझ्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन दोघे :
एक बाबा, दुसरे भालेकरकाका.
काका परवा येऊन गेले.
पावसाचं बोलले, गुडघ्याचं बोलले,
माझ्याकडे बघून म्हणाले, तब्येत छान दिसतेय की.
न विचारलेला प्रश्न
कपाच्या बुडाशी चहाच्या गाळासारखा राहिला.
तो मी विसळला.

आता कर्वे रस्त्यावर एका क्लासमध्ये शिकवते.
तासाला नऊशे. इथंही तासच.
पोरं विचारतात, मॅडम, तुमचे किती झाले?
दोन हजार एकशे चाळीस, मी सांगते,
पुढचं सांगत नाही.
त्यांच्या वह्यांवर त्यांच्या बापांचे हप्ते
मला दिसतात, अगदी समासात.

इंजिन बंद पडलं तर पहिलं काय?
पोरं ओरडतात, मैदान शोधायचं!
नाही रे. नाक खाली.
उंची राखायला वर ओढलंत की पडलात.
उंची थोडी थोडी विकायची
आणि वेग विकत घ्यायचा.
मैदान नंतर.
हे मी फळ्यावर बाण काढून छान समजावते.
घरी येताना बसमध्ये
मला यातलं काही आठवत नाही,
मी सुट्टे मोजत असते.

रात्री दहा चाळीसचं दिल्लीचं विमान
आमच्या टाकीवरून उतरतं.
भांडी घासता घासता मी आवाजावरून सांगते,
आज उशिरा उचललं नाक, आपटणार.
आई म्हणते, तुला कसं कळतं?
मग दोघी थोडा वेळ
नळ चालू ठेवतो.

पुढची तपासणी एकोणीस तारखेला, बंगळुरात.
रेल्वेचं तिकीट काढलंय, स्लीपर.
डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं,
म्हणून रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर गेले.
ही टेकडी मी शंभर वेळा पाहिली असेल,
तळहाताएवढी, पंखाखालून सरकताना.
पायाखाली ती बरीच मोठी आहे.
वर पोचले तेव्हा छातीत धडधडत होतं
आणि मी थांबून ऐकत राहिले,
आपल्याच घरात चोर शिरल्यासारखी.
काही नाही. नुसता दम.

समुद्रसपाटीपासून सव्वीसशे फूट.
आठ महिन्यांतली माझी सगळ्यात मोठी उंची.
शेजारी एक आजोबा शेंगदाणे खात बसले होते,
त्यांनी पुडी पुढे केली.
मी घेतले.
सवयीनं आधी विचारलं,
किती?