भिंतीवर दोनदा

बावीस वर्षं दवंडी दिली एउतिमिओनं
वाल्देनसिनार गावाला.
आधी पितळी तुतारी, मग नगराध्यक्षाच्या नावानं:
उद्या पाणी नाही. डुकरांना लस शुक्रवारी.
एक किल्ली सापडली आहे, ज्याची असेल त्यानं न्यावी.
बुचाच्या रानात झाडं सोलणारेसुद्धा
कुऱ्हाड थांबवून ऐकायचे म्हणतात.

"कॉम्प्युटर कुजबुजतो," असं त्यानं फोनवर सांगितलं
ते इतक्या जोरात
की मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

शाळेनं टाकून दिलेलं मशीन.
फुकटातली सिस्टिम मीच चढवली होती त्यावर,
म्हणजे बिघडलं की जबाबदारीही फुकटात माझीच.
त्याला ऐकायची असतात ग्रामसभेची रेकॉर्डिंग.
ऐकतो, आणि पडद्याशी भांडतो.

कोपऱ्यातला आवाजाचा काटा शंभरावर.
दीडशेपर्यंत ताणला,
आवाज वाढला थोडा, फाटला जास्त.
मागच्या हिरव्या भोकातली वायर काढून फुंकर मारून लावली.
(फुंकरीनं काही होत नाही. तरी मारतो आम्ही सगळे.)
स्पीकर माझ्या फोनला जोडले तर डरकाळले.
म्हणजे दुखणं आत होतं.

"दुखणं त्याच्या कानात आहे,"
स्वयंपाकघरातून ओब्दुलिया म्हणाली.
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही,
जे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

काळी खिडकी उघडली. मिक्सर.
वरवरचं कार्ड बाजूला सारून खरं कार्ड निवडलं
आणि खांब उभे राहिले एका ओळीत:
मास्टर काठोकाठ,
हेडफोन काठोकाठ,
मधे पीसीएम,
पातेल्याच्या तळाशी दूध उरावं एवढा.
सतरा.

सतरा कोण ठेवतं?
माणूस वीस ठेवतो, पंधरा ठेवतो.
सवयीनं वरचा बाण दाबला,
मागे दिलेल्या आज्ञा एकेक करून वर येऊ लागल्या.
तारीख नव्हती कशालाच.
पण अक्षराला अक्षर माझंच:
पीसीएम, सतरा टक्के.
आणि त्याखाली: कायमचं जतन कर.

ऑगस्ट.
पलीकडच्या खोलीत ओब्दुलियाची बहीण, निकानोरा,
खिडक्या बंद, दुपारी बेचाळीस अंश.
"असा बारीक कर," ओब्दुलिया म्हणाली होती,
"की त्याला मोठा करता येणार नाही. त्याला सांगू नकोस."
ती बहिणीच्या उशाशी जाऊन बसली.
भिंतीवर एक टकटक: अजून कमी.
एक. एक. पुन्हा एक.
मग दोनदा.
तिथे मी थांबलो होतो. सतरावर.

निकानोराला जाऊन आता पाच महिने होतील.
खोलीत बटाटे पसरलेत.

मी मान वळवली तर ओब्दुलिया दारात,
हातात सोललेला लसूण,
माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत.
तिला वाचता येत नव्हतं त्यातलं काही,
पण तिला कळलं होतं.
"काय सापडलं?" एउतिमिओनं गरजून विचारलं.
"एक खांब खाली होता," मी म्हणालो.
"आपोआप?"
"होतं कधीकधी."

वर नेला. चाळीस, साठ, नव्वद.
ग्रामसभेचे चिटणीस असे कडाडले
की देवळाच्या मनोऱ्यावरचे करकोचे
चोची वाजवायला लागले.
एउतिमिओ खुर्चीतून अर्धा उठला,
"खोटं! ती विहीर पंचायतीची आहेच कुठे!"
सहा महिन्यांचं भांडण त्याला एकदम ऐकू आलं होतं.

ओब्दुलिया दारातून दिसेनाशी झाली.
पलीकडच्या खोलीतून, बटाट्यांमधून,
भिंतीवर एक टकटक.
मी कमी केला.
पुन्हा एक.
पुन्हा कमी.

"हे काय वाजतंय?" तो म्हणाला.
"पाइप असेल," मी म्हणालो.

चौसष्टवर दोनदा वाजलं.
जतन केलं.