अय्या, चार वेळा

खणभागात माझं पिको-फॉलचं दुकान,
शेजारी कुबेर मगदूमचं मोबाईलचं.
मधली भिंत एका विटेची
आणि कुबेरचा स्पीकर त्या भिंतीलाच टेकवलेला.

सकाळी साडेदहाला शटर वर जातं
आणि ते सुरू होतं:
चार्जर दे गं, चार्जर दे,
जीव माझा दोन टक्के.
मग ढोलकी, जी ढोलकी नाहीच,
मग ती बाई: अय्या.

चार वेळा. मोजून.

तांबोळी चाचा म्हणतात, असल्या गाण्यानं कात्री बोथट होते.
वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणतात,
पेशंटला चूळ भरायला सांगावी
तर तो चूळसुद्धा ठेक्यात भरतो.
कुसुमताई आवटींनी पोलीस ठाण्याला अर्ज लिहिला,
त्यात 'सदर गाणे' सात वेळा आलं,
आणि सह्या गोळा करत फिरताना
त्यांची चप्पल तेच वाजवत होती.
मी तिसरी सही केली. ठळक.

सगळ्यांचा राग शेवटी त्या बाईवर येतो.
गाणाऱ्या पोराला कोणी काही म्हणत नाही,
लिहिणाऱ्याला तर नाहीच,
पण तिचं ते अय्या!
शेळीला लस टोचल्यासारखं, म्हणाले डॉक्टर.
ओल्या पायरीवरून घसरल्यासारखं, म्हणाले चाचा.
मी म्हणाले, लाज कशी वाटत नाही ओ असल्या बायकांना,
आणि दातानं दोरा तोडला.

मिरजेत, स्टेशनच्या मागं, एक खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
दाराला गोधडी.
पंखा बंद, आवाज येतो म्हणून.
मे महिना.
पोरगा म्हणाला, मावशी, जरा लाजल्यासारखं करा.
केलं.
म्हणाला, एवढं खरं नको.
सतराव्या वेळी गोधडीवरून पाल पडली
आणि तोंडातून जे गेलं ते त्यानं ठेवलं,
तेच चार ठिकाणी चिकटवलं.
आठशे रुपये, चहा, दोन खारी.
नाव काय लावू, विचारलं त्यानं.
म्हटलं, काहीच नको बाबा,
घरात लग्नाची पोरगी आहे.

त्याच्या कितीतरी आधी, त्याच मिरजेत,
चार वर्षं मी भूप शिकत होते. नुसता भूप.
गुरुजी म्हणायचे, सा लागू दे,
बाकीचे आपल्या पायानं येतात.
सा लागायला तीन वर्षं गेली.
चौथ्या वर्षी लग्न लागलं.

गाणं वाईटच आहे. मी उगाच गोड बोलणार नाही.
दुसऱ्या कडव्यात तर चार्जरच्या पिनेला
साडीची पिन जुळवलीय,
आणि साडीची पिन कुठं लावतात
हे त्या पोराला ठाऊक नाही, हे मी पैजेवर सांगते.
पण तिसऱ्या अय्याच्या आधी
माझा पाय पेडलवरून आपोआप उठतो.
फॉलवर तिथं एक टाका लांब पडतो.
गिऱ्हाइकाला कळत नाही.

चार कोटी लोकांनी ऐकलंय, कुबेर सांगतो,
त्यातले निम्मे शिव्या घालायला.
म्हणजे उरले
दोन कोटी, नाही, त्यातही पुन्हा पुन्हा ऐकणारे असतील…
हा हिशोब मी रोज इथंच सोडते
आणि बॉबिन भरायला घेते.

काल शाळा सुटल्यावर चाचांची नात आली, अल्फिया,
अबोली दोऱ्याचं रीळ न्यायला.
आरसा दिसला, कमरेवर हात ठेवला,
अय्या, अय्या, सुरू.
पार सपाट. सूर वरूनच धरलेला.
मशीन चालवता चालवता माझ्याकडून गेलं,
अगं, खालून उचल.
'य'वर बसायचं नाही, नुसतं शिवून जायचं.
आणि सरतेशेवटी श्वास आत.

तिनं केलं.
बरोब्बर आलं.
मग रीळ हातात तसंच धरून
ती माझ्याकडं बघत राहिली, बघतच राहिली,
आणि भिंतीपलीकडं कुबेरचं गाणं
नेमकं तिथवर येऊन पोचलं होतं.