कपाटातला आवाज

रविवार, दुपारचे दोन. डिचोलीचा रस्ता
जरा डोळा लागल्यासारखा.
पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला,
आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली,
हुमणाच्या भांड्याशेजारी,
म्हणजे प्लग परत लावायचं विसरणार नाही.

साईश म्हणाला होता, आते, भिंती आवाज परत फेकतात,
साड्या पिऊन टाकतात.
म्हणून आईच्या कपाटात डोकं घालून उभी आहे,
नाकात डांबरगोळ्या, कानाला टोचणारी जर,
हातात फोन, फोनला पायमोजा.

व्हिडिओ अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातला.
दिनूकाका कुवेतहून कॅमेरा घेऊन आला होता.
टेपला ओल लागली. चित्र वाचलं,
आवाजाच्या जागी नुसती खरखर.
आमचं सोड्याचं दुकान, हिरव्या बाटल्यांचे क्रेट,
आणि रेघांच्या शर्टात

पप्पा.
फट्.
पुन्हा. पप्पा लिंबू पिळतायत.
फट् फट्.
फोनवरची रेघ वर जाऊन चपटी होते.

प, फ, ब, भ. ओठ मिटून सुटणारी अक्षरं,
त्यांच्यात वारा असतो.
वीतभर लांब धर, साईशनं सांगितलेलं,
समोर नको, थोडं बाजूला बघून बोल.

बाजूला बघून म्हटलं, पप्पा.
स्वच्छ आला.
घरात आता सगळे 'ते' म्हणतात.
ते असते तर. त्यांना चाललं नसतं.
हा शब्द कितीतरी वर्षं
माझ्या तोंडून मोठ्यानं निघालाच नव्हता.

कागदावर सगळं नीट मराठीत लिहिलेलं,
शाळेतल्या बाई बोलायच्या तसं:
माझे वडील अंगठ्याने गोटी आत ढकलत असत.
पण अंगठा दिसला आणि जीभ घरी पळाली,
पळय, पळय, आतां फुटतली!
तेच ठेवलं.
तेवढ्यात शेजारच्या शेवंतीनं आदोळी काढली,
नारळ खरवडायला हीच वेळ मिळाली तिला.
थांबले. अख्खा नारळ थांबले.

एका जागी अकरा सेकंद
पप्पा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात.
तिथे मी गप्प आहे.
साईश विचारतो, इथे रिकामं का?
वीस वेळा पाहिले ओठ. मिटतात, सुटतात.
ब आहे, एवढं नक्की.
त्याला म्हटलं, दिनूकाकाला सांगतायत,
बंद कर रे तें.
असेल तसंच.
नाहीतर बाय.
मी काकाच्या मागेच उभी होते, क्रेटवर चढून.

संध्याकाळी बाजारात जायला निघाले
तर किल्ली सापडेना.
सगळं घर पालथं घातलं.
मग आठवलं. हुमण आंबलेलं,
किल्ली कोमट.