एकाआड एक दिवस

आमच्या लोकमान्य नगरात नळ एकाआड एक दिवस येतो.
पहाटे साडेपाचला आधी खोकतो,
मग जलूदहून घाट चढून आलेली नर्मदा
निळ्या ड्रममध्ये पडते.
समुद्राकडे निघालेलं पाणी हे,
वाटेतच रजा नामंजूर झालेलं.

निरंजनच्या कंपनीचंही आता तसंच.
पिथमपूरची बस सोमवारी येत नाही, मंगळवारी येत नाही.
गिअरबॉक्स तयार आहेत, उचलणारं कुणी नाही.
नोटिशीत लिहिलंय ‘तात्पुरतं’,
आणि त्या शब्दाखाली सही करणारा साहेब
गेल्या आठवड्यात स्वतःच गेला.

वेरावळची तीन तिकिटं ऑगस्टमध्ये काढलेली.
तेव्हा ओव्हरटाइम होता,
तेव्हा आम्ही सराफ्यात उभ्या उभ्या
भाव न विचारता भुट्ट्याचा कीस खायचो.

गार्गी अकरा वर्षांची झाली, समुद्र पाहिलेला नाही.
तिच्या मते तो बिलावली तलावासारखाच असणार,
फक्त समोरचा काठ
कुणीतरी खोडरबरानं पुसलेला.

रात्री हिशेब, विजेच्या बिलाच्या पाठीवर.
गाडी, खोली, रिक्षा,
आणि ‘वरखर्च’ नावाचा एक आकडा,
तो पाचशेनं कमी करतो, मी पाचशेनं वाढवते.
दुसऱ्या बाजूला फ्लॅटचा हप्ता,
मामंजींचं इन्सुलिन, शाळेची दुसरी फी.
खाली रेघ मारली
की दोन्ही बाजू खऱ्या निघतात.

वरच्या मजल्यावरच्या किबेकाकू म्हणाल्या,
‘यंदा राहू दे गं, समुद्र कुठं पळून जातोय?’
कोपऱ्यावरचा पोहेवाला जीरावण भुरभुरत म्हणाला,
‘जाऊन या वैनी, पैशाचं काय, येतो नि जातो.’
दोघंही बरोबर.
दोघांनाही हप्ता नाही.

मला आमचं आबू आठवतं.
मिल बंद पडली त्या वर्षी
बाबांनी ते रद्द केलं.
वाचलेले पैसे कशात गेले,
आज घरात कुणालाच सांगता येत नाही.
आबू मात्र सगळ्यांना आठवतं,
थंडी, तलाव, सगळं,
न गेलेलं.

पण हेही खरं, की त्या वर्षी
आम्ही कुणाकडे हात पसरला नाही.

परवा रात्री मीच फोन घेतला, ‘रद्द करा’ दाबलं.
पडद्यावर प्रश्न आला : तुम्हाला खात्री आहे का?
मला इतकं हसू आलं.
निरंजननं अंधारातून विचारलं, ‘काय झालं?’
म्हटलं, ‘काही नाही. रेल्वे आपल्याला ते विचारतेय
जे आपण कंपनीला विचारू शकत नाही.’
तो हसला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला,
‘कापून किती मिळतात परत?’
मी आकडा सांगितला.
मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत राहिलो.
फोन पालथा पडून आपोआप विझला.

सोमवारी घरीच होता, म्हणून टाकी धुवायला चढला.
खाली आला तो ओंजळ धरून :
तळाशी साचलेली राखाडी बारीक रेती.
गार्गीनं ती वाटीत घेतली, बोट फिरवलं,
आणि काहीच बोलली नाही.
आम्हाला वाटलं होतं, हट्ट करेल.
हट्ट केला असता तर नाही म्हणणं सोपं होतं.

तो पाय पुसत म्हणाला,
‘खोली एसी नको. आणि तीन दिवस कशाला, दोन बास.’
मी ‘हं’ म्हटलं.
जायचं ठरलं, असं काही कुणी म्हणालं नाही.
नंतरही नाही.

आज गुरुवार. नळाचा दिवस नाही.
ड्रमात तीन तांबे पाणी उरलंय,
तेवढ्यात भांडी होतील.
परातीत कणीक घेतली,
आणि पाण्याकडे गेलेला हात मागे घेऊन
दशम्यांसाठी
ती दुधात भिजवली.