चुन्याची निवळी

रात्री नातिविदाद मक्याचे दाणे चुलीवर चढवते.
हंड्यात पाणी, पाण्यात मूठभर चुना.
मूठ केवढी, ते तिच्या मुठीलाच ठाऊक.
एक कढ येऊ देते, मग झाकण, मग झोप.
पहाटे दाण्यांची सालं बोटांत निसटून येतात,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या पावलांच्या कातडीसारखी.
ती चार पाणी बदलते. का म्हणून विचारलं
तर म्हणते, नाहीतर भाकरी मोडते.
वाहाकाच्या या डोंगरात तिच्या आईनेही
तेवढंच सांगितलं होतं.

मला आठवत होती एक वही,
फ्रिउलीतल्या वेड्यांच्या इस्पितळातली,
सन अठराशे एक्क्याऐंशी, शाई तांबूस पडलेली.
ओर्सोला झोर्झुत. वय एकतीस. मुलं पाच, जिवंत तीन.
आहार: सकाळी पोलेंता.
संध्याकाळी पोलेंता.
रविवारी पोलेंता, छताला टांगलेल्या खाऱ्या माशाला घासून.

मका समुद्र ओलांडून गेला तेव्हा
पोत्यांतून दाणेच गेले.
चुन्याची मूठ हंड्यापाशीच राहिली.
बाईमाणसाच्या हाताकडे बघायला
जहाजावर वेळ कुणाला होता?

तिकडे तो पिकला मात्र अमाप.
गहू मालकाचा, द्राक्षं मालकाची,
कुळाच्या वाट्याला पिवळाधमक लगदा,
फळीवर ओतायचा, दोऱ्याने कापायचा.
पोट भरत होतं. खोटं कशाला बोला,
तिच्या घरी उपाशी कुणीच झोपत नव्हतं.

वसंतातलं ऊन आलं की हात पेटायचे,
मनगटापर्यंत लाल, जणू कुणी मोजे चढवलेत.
गळ्याभोवती तसलीच कंठी.
मग जुलाब.
मग ओर्सोला विहिरीवर वाकून
पाण्याला मुलांची नावं विचारू लागली.

शरीर तसं फार मागत नाही.
दिवसाला जाड्या मिठाच्या दोन-तीन खड्यांएवढं नायसिन.
पण त्याच्यावाचून पेशीतली चूल पेटत नाही:
सरपण दारापर्यंत रचलेलं, आणि काडी नाही.
कातडी सतत नवी विणावी लागते,
आतड्याचं अस्तर त्याहून घाईने,
आणि मेंदू तर बसल्या जागी खादाड.
जिथे खर्च मोठा, तिथे आधी दिवाळं.

मक्यात ते असतं. असतं, पण जखडलेलं,
आणि जठराकडे त्या कुलपाची किल्ली नाही.
चुन्याकडे आहे.
दुसरी वाट यकृताच्या पेढीवरून जाते:
प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन साठ भाग मोजा,
नायसिन एक भाग हातात पडतं.
भाव कडक, पण दुकान रात्रंदिवस उघडं.
ओर्सोलाकडे सात कोंबड्या होत्या.
अंडी खंडात जात.

इस्पितळात तिला दूध मिळालं, मांसाचा रस्सा, गव्हाचा पाव.
सहा आठवड्यांत हात निवले. वहीत शेरा:
शुद्धीवर. घरी पाठवली.
घरी म्हणजे फळीवरच्या त्याच लगद्याकडे.
पुढच्या एप्रिलात, त्याच अक्षरात: पुन्हा.
त्याच्या पुढच्या एप्रिलात: पुन्हा.
डॉक्टर मक्याच्या बुरशीला दोष देत होता,
कधी रक्ताला, कधी आळसाला.
तिसऱ्या वसंतानंतर तिचं पान संपतं,
खाली दुसऱ्याच बाईचं नाव सुरू होतं.

आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं.
इथे लावला नाही, तीच फसवणूक,
आणि फसवणारा कोण, हे बोट दाखवून सांगता येत नाही.
दाणा दिला, रीत दिली नाही, एवढाच गुन्हा.
(अंड्यांचा हिशेब वेगळा. तिथे बोट दाखवता येतं.)

हे सगळं मी नातिविदादला
माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं.
ती वाटत राहिली. पाट्यावरून पीठ ओघळत होतं.
बऱ्याच वेळाने विचारलं,
त्यांच्या देशात चुना मिळत नव्हता का?

मिळत होता, म्हटलं.
इस्पितळाच्या भिंतींना दर वर्षी लावत.
फार पांढऱ्या होत्या म्हणे.

तिने धुवणाचं पिवळं पाणी
अंगणाच्या कडेला ओतलं,
आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली;
ती फुगली होती.