प्रकरण तिसरे : संशोधन पद्धती

सर म्हणाले, आधी ठरवा,
वास्तव बाहेर असतं की माणसामाणसांत.
तीन परिच्छेद लिहा, मग फील्डवर जा.
मी लिहिलं, बाहेर असतं.
ते सोपं होतं. मोजता येत होतं.
आणि पवननगरहून अंबडला जायला
शेअर रिक्षा होती.

स्विचगिअरचा कारखाना, दुसरी पाळी.
एकशे वीस प्रश्नावल्या, चोवीस विधानं,
प्रत्येकापुढे पाच चौकटी.
‘माझ्या संस्थेत माझं म्हणणं ऐकलं जातं.’
एचआरच्या पगारे मॅडमनी कागद स्वतः वाटले,
स्वतः गोळा केले,
चटचट स्टेपल मारून दिले.
एकशे अकरा जण पूर्ण सहमत.
विश्वसनीयता शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.
सरांनी चहा मागवला.

सदतिसावा कागद कोरा होता.
कोरा म्हणजे, चौकटी कोऱ्या.
समासात निळ्या रिफिलने
जरा उताराला लागलेल्या अक्षरात :
‘ऐकलं जातं म्हणजे कधी?
मशीन बंद असताना की चालू असताना?’
कोपऱ्यावर अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग.

नव्व्याण्णव टाका, सर म्हणाले.
गहाळ उत्तराचा आकडा नव्व्याण्णव.
मी टाकला.
आणि रात्रभर तो आकडा
माझ्याकडे बघत बसला.
गहाळ काय होतं?
उत्तर तर होतंच समोर.
प्रश्न माझ्याकडे नव्हता.

शोधणार कशी?
नाव विचारणार नाही, असं
मीच लिहून दिलं होतं, सहीनिशी.
मग कँटीनमध्ये बसायला लागले.
पहिला आठवडा सगळे हळू बोलत.
दुसऱ्या आठवड्यात सुकदेव गांगुर्डेने विचारलं,
ताई, तुम्हाला पगार कोण देतं?
कुणीच नाही म्हटल्यावर
त्याने आपल्यातली अर्धी भाकरी पुढे केली
आणि प्रेस शॉपमधली बोटं मोजून दाखवली,
कुणाची किती शिल्लक.
याला माझ्याकडे चौकट नव्हती.

मंगल खैरनार वाइंडिंगला असते.
मी समासातलं वाक्य तिला
कागद न दाखवता सांगितलं.
ती डबा धुवत होती.
म्हणाली, लिहिलं मी नाही.
पण असतं ना, मलाही तेच विचारायचं असतं.
नळ बंद केला, पुन्हा सोडला,
म्हणाली, बघा, आता ऐकू आलं का?

कँटीनच्या खिडकीतून लेणीचा डोंगर दिसतो.
रविवारी चढले. पायऱ्या मोजल्या नाहीत,
सवय मोडावी म्हणून.
वर भिंतीवर कोरलंय,
राजाच्या जावयाने विणकरांच्या श्रेणीकडे
दोन हजार नाणी ठेव ठेवली,
व्याजातून भिक्षूंना वस्त्रं.
रक्कम आहे, दर आहे, दात्याचं नाव आहे.
या शहरातल्या संघटनेचा
इतका जुना दस्तऐवज,
आणि माग चालवणाऱ्याचं एक अक्षर नाही.
मुद्दल परत न मिळणारं, हेही लिहिलंय.
हात दुखतात का, हे नाही.
दगडालाही समास असतो का, बघत राहिले.
गाईड लोक खाली उतरा म्हणाले, वेळ झाली.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं.
वास्तव बाहेरही असतं, मी लिहिलं,
प्रेसखाली बोट जातं तेव्हा
ते कुणाच्या दृष्टिकोनाची वाट पाहत नाही.
पण ऐकणं बाहेर सापडत नाही,
त्याला दोघं लागतात,
आणि त्यातली एक मी होते
पगारे मॅडमच्या मागे उभी,
हातात पेनांचा डबा घेऊन.
सरांनी लाल शाईने लिहिलं : हे किस्से आहेत.
खाली, बऱ्याच वेळाने लिहिल्यासारखं :
परिशिष्टात घ्या.

कॉलेज रोडला झेरॉक्स काढायला दिलं.
सदतिसावा कागद परिशिष्ट ‘ग’.
अक्षर आलं, प्रश्न आला,
ग्रीसचा डाग उमटला नाही.
दुकानातला पोरगा म्हणाला,
डार्क करून देऊ का?